बटन दाबलं की खिडकी गोठते: टीकिंटरच्या प्रोग्रॅममधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

पहिला खिडकीवाला प्रोग्रॅम तयार होतो. बटन दिसतं, दाबल्यावर नाव छापलं जातं, आनंद होतो. मग त्या बटनामागे खरं काम येतं: फोल्डरमधल्या फाइली मोजणं, उलटी मोजणी, नेटवरून काहीतरी आणणं. आणि त्याच दिवशी प्रश्न येतो, "बटन दाबलं की प्रोग्रॅम हँग होतो, पण कोड तर बरोबर आहे." नवशिक्यांचे असे प्रोग्रॅम मी इतक्या वेळा सोडवले आहेत की आता कोड उघडण्याआधी एकच गोष्ट विचारते: बटन दाबल्यापासून त्यामागचं फंक्शन संपेपर्यंत किती वेळ जातो? दहातल्या बहुतेकांचा बिघाड या उत्तरातच सापडतो. उरलेल्यांसाठी ही तपासणीची यादी आहे.

सगळं पायथन आणि टीकिंटर (पायथनसोबत येणारी, खिडक्या आणि बटनं बनवायची लायब्ररी) धरून लिहिलं आहे, कारण सुरुवात बहुधा तिथूनच होते. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; तुमच्या फाइलीत ते अर्थातच रोमन अक्षरांत असतील.

लक्षणे

आधी आपलं लक्षण नेमकं कोणतं ते ठरवा. "चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही, आणि खालची लक्षणं वरवर सारखी दिसली तरी त्यांची कारणं वेगळी आहेत.

- बटन दाबलं की ते दाबलेलंच राहतं. खिडकी हलत नाही, बंद होत नाही. विंडोजवर काही सेकंदांनी शीर्षकात "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं, मॅकवर रंगीत चक्र फिरू लागतं. काम संपलं की सगळं आपोआप पूर्ववत होतं.
- वरच्यासारखंच, पण कधीच पूर्ववत होत नाही.
- "काम सुरू आहे, थांबा" असं लेबल काम सुरू होताना दिसायला हवं. ते दिसतच नाही. थेट "झालं" दिसतं.
- खिडकी उघडण्याआधीच काम होऊन जातं, आणि नंतर बटन कितीही दाबलं तरी काहीच होत नाही.
- खिडकी उघडतच नाही, किंवा उघडून क्षणात नाहीशी होते.
- खिडकी नीट दिसते, आकारही बदलता येतो, पण एकही बटन दाद देत नाही.
- सुरुवातीला छान चालतं, पाच-दहा मिनिटांनी मंद होत जातं.
- घड्याळ किंवा मोजणी अचानक दुप्पट वेगाने पळू लागते.

खिडकी आतून काय करत असते

आपण शिकलेले पहिले प्रोग्रॅम वरून खाली चालतात. प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट पाहायची, पुढच्या ओळीवर जायचं. लगाम आपल्या हातात असतो. खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये तो आपण सोडून देतो. रूट डॉट मेनलूप ही ओळ आली की तिथून पुढे टीकिंटरच मालक. तो एका रांगेकडे बघत बसतो: माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा आकार बदलला, टाइमर वाजला. रांगेतली एक घटना उचलायची, तिच्यासाठी आपण नेमून दिलेलं फंक्शन चालवायचं, ते परत आलं की पुढची घटना उचलायची. इतकंच.

सगळी मेख "ते परत आलं की" या शब्दांत आहे. हे काम करणारा एकच जण आहे. आपलं फंक्शन वीस सेकंद परत आलं नाही, तर वीस सेकंद कोणी रांगेकडे बघत नाही. या काळात खिडकी स्वतःला रंगवूही शकत नाही, कारण रंगवणं हीसुद्धा रांगेतलीच एक गोष्ट आहे. विंडोज साधारण ५ सेकंद वाट बघतं. तोवर प्रोग्रॅमने आलेले संदेश उचलले नाहीत तर तो अडकला असं समजून खिडकी फिकी करतं. म्हणजे "नॉट रिस्पॉन्डिंग" आलं म्हणून प्रोग्रॅम मेला असं नाही. तो तुमचंच काम मन लावून करत असतो, आणि म्हणूनच तुमच्याकडे बघत नाही.

हे नीट पटलं की पुढची निम्मी तपासणी तुम्ही स्वतःच सुचवाल.

तपासणी १: टर्मिनलमधून चालवा

फाइलीवर डबल क्लिक करून चालवत असाल तर ते आधी थांबवा. टर्मिनल उघडा, तिथून चालवा. टीकिंटरमध्ये बटनामागच्या फंक्शनात एरर आली तरी खिडकी बंद पडत नाही. एररचा मजकूर टर्मिनलवर छापला जातो आणि खिडकी काहीच न घडल्यासारखी उभी राहते. टर्मिनल समोर नसेल, किंवा फाइलीचं एक्स्टेंशन पीवायडब्ल्यू असेल, तर तो मजकूर तुम्हाला दिसणारच नाही. "बटन काहीच करत नाही" म्हणून आलेल्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये खरं कारण टर्मिनलवर स्पष्ट लिहिलेलं होतं, फक्त कोणी पाहिलं नव्हतं.

एक ठरावीक एरर इथे वारंवार भेटते: फंक्शन शून्य आर्ग्युमेंट घेतं पण त्याला एक दिलं गेलं, अशा अर्थाची. बाइंड वापरून कळ किंवा माउस जोडला की टीकिंटर फंक्शनला घटनेची माहिती एक आर्ग्युमेंट म्हणून पाठवतो; बटनाच्या कमांडमधून मात्र काहीच पाठवत नाही. एकच फंक्शन दोन्हीकडे जोडायचं असेल तर ते आर्ग्युमेंट ऐच्छिक ठेवा, म्हणजे ईव्हेंट=नन.

आयडलमधून, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमधून, चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मेनलूपची ओळ विसरली तरी आयडलमध्ये खिडकी दिसते आणि चालतेही, कारण तुमचा कोड थांबला की आयडल स्वतः मधूनमधून टीकिंटरच्या घटना हाताळत असतं. तीच फाइल बाहेर चालवली की खिडकी येते आणि जाते. "माझ्याकडे चालतं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालत नाही" या तक्रारीचं हे फार साधं कारण आहे. शेवटच्या ओळीत मेनलूप आहे ना, ते बघा. आणि त्या ओळीच्या खाली काही कोड लिहिला असेल, तर तो खिडकी बंद झाल्यावरच चालेल.

तपासणी २: गोठली आहे, की मागे काही लपलं आहे?

खिडकीचा कोपरा धरून आकार बदलून बघा. आतला मजकूर नव्या आकारात नीट रंगवला जात असेल तर लूप जिवंत आहे. मग बटनं दाद का देत नाहीत? बहुधा एखादा छोटा डायलॉग मुख्य खिडकीच्या मागे गेला आहे आणि सगळे क्लिक त्याने स्वतःकडे अडवून धरले आहेत. ग्रॅब सेट वापरलं की असं होतं. डायलॉग उघडताना त्याला ट्रान्झियंट करून मुख्य खिडकीशी बांधा, म्हणजे तो मागे जाणार नाही.

आकार बदलताना मजकूर रंगवला गेला नाही, काळे-पांढरे पट्टे राहिले, तर खिडकी खरोखर गोठली आहे. पुढे चला.

तपासणी ३: टीके नीट आहे का

टर्मिनलमध्ये पायथन, मग डॅश एम, मग टीकिंटर असं लिहा. एक छोटी चाचणी खिडकी उघडते. तिच्यात टीकेचा (टीकिंटर ज्याच्या जोरावर खिडक्या काढतो त्या मूळ लायब्ररीचा) आवृत्ती क्रमांक असतो आणि एक बटन असतं. ते दाबाल तितक्या वेळा त्यावरच्या मजकुराभोवती चौकोनी कंस वाढत जातात. ही खिडकीही गोठली, काळी पडली किंवा उघडलीच नाही, तर तुमच्या कोडमध्ये वेळ घालवू नका. दोष इन्स्टॉलेशनमध्ये आहे. मॅकवर सिस्टिमसोबत येणारी टीके ८.५ जुनी आहे. पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरमधून पायथन घेतलं तर त्यासोबत नवी आवृत्ती येते.

८.५ चा उल्लेख आणखी एका कारणाने महत्त्वाचा. एकाच फ्रेममध्ये काही गोष्टी पॅकने आणि काही ग्रिडने मांडल्या, तर जुन्या टीकेत दोघे एकमेकांची मांडणी मोडत राहतात आणि खिडकी उघडतानाच कायमची अडकते. ८.६ मध्ये स्पष्ट एरर येते. नियम सोपा: एका फ्रेममध्ये एकच पद्धत. वेगळी हवी असेल तर आत दुसरी फ्रेम ठेवा.

आणि फाइलीचं नाव बघा. सरावाच्या फाइलीला कोणी टीकिंटर डॉट पीवाय असंच नाव दिलं, तर पायथन खऱ्या टीकिंटरऐवजी तीच फाइल आयात करतो आणि भलतीच एरर दाखवतो. नाव बदला, झालं.

तपासणी ४: कंस

काम खिडकी उघडण्याआधीच होऊन जात असेल तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे. बटन बनवताना

कमांड=मोजणी

असं लिहायचं असतं, आणि हात सवयीने

कमांड=मोजणी()

असं लिहितो. पहिल्यात आपण टीकिंटरला फंक्शनचं नाव देतो: क्लिक झाला की याला बोलाव. दुसऱ्यात फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्यातून जे परत येतं ते, बहुधा नन, बटनाला जोडलं जातं. म्हणून काम एकदा आधीच होतं आणि बटन मुकं राहतं. मोजणीला वीस सेकंद लागत असतील तर खिडकी दिसायलाच वीस सेकंद लागतात.

फंक्शनला काही द्यायचं असेल तर लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं छोटं फंक्शन, लागतो: कमांड=लॅम्डा: मोजणी(५). लूपमधून दहा बटनं बनवली आणि सगळी शेवटचाच आकडा दाखवू लागली, तर लॅम्डाने आकडा नाही, व्हेरिएबलचं नाव लक्षात ठेवलं आहे, आणि क्लिक होईपर्यंत त्या नावात शेवटचा आकडा आलेला आहे. लॅम्डा आय=आय: मोजणी(आय) असं लिहिलं की प्रत्येक बटन आपापला आकडा धरून ठेवतं.

याच जातीची दुसरी चूक रिकाम्या उत्तराची. एंट्री, म्हणजे टाइप करायची चौकट, बनवली आणि लगेच पुढच्या ओळीत तिच्यातून गेटने मजकूर घेतला, तर रिकामा मजकूर मिळतो. वापरणाऱ्याने अजून टाइप करायला सुरुवातही केलेली नाही! गेटची जागा बटनाच्या फंक्शनच्या आत आहे.

तपासणी ५: झोप, इनपुट, न संपणारा लूप

फाइलीत तीन गोष्टी शोधा: टाइम डॉट स्लीप, इनपुट आणि व्हाइल ट्रू. खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये यातलं जे सापडेल त्याच्याकडे संशयाने बघा.

स्लीपने आपलं एक फंक्शन झोपत नाही, रांग बघणारा तो एकुलता एक जण झोपतो. इनपुट टर्मिनलवर उत्तराची वाट बघत बसतो, आणि टर्मिनल दिसत नसेल तर वापरणाऱ्याला कळतही नाही की त्याला काही विचारलं आहे. त्याऐवजी एंट्री किंवा सिंपलडायलॉग घ्या. व्हाइल ट्रू तर परत येतच नाही. हवा तो लूप आपल्याला आधीच मिळालेला आहे, तो म्हणजे मेनलूप. दुसरा कशाला?

नेटवरून काही आणत असाल तर ती ओळही याच यादीत धरा. पायथनच्या यूआरएल ओपनला टाइमआउट दिला नाही आणि समोरचा सर्व्हर गप्प राहिला, तर तो कितीही वेळ वाट बघू शकतो. टाइमआउट=१० एवढं लिहिल्याने गोठणं जात नाही, पण "कधीच पूर्ववत होत नाही" हे लक्षण जातं आणि एरर हाती लागते. मूळ इलाज थ्रेडमध्ये, म्हणजे ते काम मुख्य लूपच्या शेजारी वेगळं चालवण्यात आहे, तो तपासणी ९ मध्ये.

तपासणी ६: कुठे अडकलं ते प्रोग्रॅमलाच विचारा

नजरेने सापडलं नाही तर अंदाज करत बसू नका. प्रोग्रॅम गोठलेला असताना टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी दाबा. अडकलेली जागा पायथनच्या कोडमध्ये असेल तर ट्रेसबॅक, म्हणजे कोणत्या ओळीतून कोणती ओळ बोलावली गेली याची यादी, छापला जातो, आणि त्यात तुमच्या फाइलीची जी सर्वात खालची ओळ दिसते तिथे गाडी अडली होती. बऱ्याचदा यानंतर खिडकी जिवंतही होते, कारण बटनाच्या फंक्शनमधून आलेला हा व्यत्यय टीकिंटर इतर एररसारखाच छापून पुढे जातो. असं झालं तर निदान पक्कं: लूप बरोबर आहे, तुमच्या फंक्शनने त्याला धरून ठेवलं होतं.

याहून चांगलं साधन पायथनसोबतच येतं आणि त्याची ओळख फार उशिरा होते. फाइलीच्या सुरुवातीला फॉल्टहँडलर आयात करा आणि त्याचं डम्प ट्रेसबॅक लेटर हे फंक्शन ५ आणि रिपीट=ट्रू देऊन बोलवा. दर ५ सेकंदांनी प्रोग्रॅम त्या क्षणी कोणत्या ओळीवर आहे ते टर्मिनलवर छापलं जातं. खिडकी निवांत असेल तर वरची ओळ टीकिंटरच्या मेनलूपची असते. गोठलेली असेल तर तिथे तुमची स्लीप, तुमचा लूप किंवा नेटची ओळ दिसते. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की नेहमीच्या ट्रेसबॅकमध्ये ताजी ओळ खाली असते, फॉल्टहँडलरमध्ये ती वर असते. आणि हे आयडलमध्ये चालत नाही, टर्मिनलच हवं.

इतका खुलासा करण्याचं कारण असं की बिघाड सापडला नसताना कोडमध्ये बदल करत सुटणं हेच नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातो. ओळ सापडल्याशिवाय काही बदलू नका.

तपासणी ७: स्लीपच्या जागी आफ्टर

उलटी मोजणी, घड्याळ, हलणारा चेंडू यांच्यासाठी रूट डॉट आफ्टर आहे. आफ्टर(१०००, टिक) म्हणजे "१००० मिलिसेकंदांनी टिक या फंक्शनला बोलाव". ही नोंद करून ओळ लगेच परत येते आणि लूप मोकळा राहतो. टिकच्या शेवटी पुन्हा आफ्टर लिहायचं, की साखळी सुरू राहते.

यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत पडलेले प्रोग्रॅम मी पाहिले आहेत.

पहिला पुन्हा कंसाचा. आफ्टर(१०००, टिक()) लिहिलं तर टिक लगेच चालतं, त्याच्या आत पुन्हा लगेच, आणि काही क्षणात रिकर्शन एरर. पायथनची मुळातली मर्यादा १००० पातळ्यांची आहे, ती लगेच ओलांडली जाते.

दुसरा: फक्त आफ्टर(१०००) लिहिलं, फंक्शन दिलंच नाही. मग तो स्लीपसारखाच वागतो आणि खिडकी एक सेकंद गोठवतो.

तिसरा म्हणजे ते दुप्पट वेगाने पळणारं घड्याळ. "सुरू" बटन दोनदा दाबलं की दोन साखळ्या तयार होतात आणि दोघी एकाच लेबलवर लिहीत राहतात. आफ्टर जो आयडी परत देतो तो जपून ठेवा आणि नवी साखळी सुरू करण्याआधी जुनी आफ्टर कॅन्सलने तोडा.

वेळ मोजायची असेल तर "दर टिकला एक सेकंद वाढवा" असं करू नका. आफ्टर दिलेल्या वेळेच्या आधी बोलवत नाही, पण थोडं उशिरा बोलवू शकतो, आणि तो उशीर साठत जातो. सुरुवातीची वेळ टाइम डॉट मोनोटोनिकने टिपा आणि दर वेळी फरक काढा.

"थांबा" हे लेबल दिसत नाही

लेबलचा मजकूर बदलला, पुढच्याच ओळीत मोठं काम सुरू केलं. मजकूर बदलला खरा, पण पडद्यावर रंगवायची नोंद रांगेत पडून आहे आणि रांग बघणारा तुमच्या कामात गुंतला आहे. काम एक-दोन सेकंदांचं असेल तर मध्ये अपडेट आयडलटास्क्स लिहा. त्याने राहिलेलं रंगकाम तेवढं होतं.

नुसतं अपडेट मात्र टाळा. ते लूपमध्ये पेरून खिडकी जिवंत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि वरवर त्याने कामही होतं. पण अपडेट सगळ्या घटना हाताळतो, क्लिकसुद्धा. म्हणजे काम अर्ध्यावर असताना तेच बटन दाबलं तर तेच काम पहिल्याच्या पोटात पुन्हा सुरू होतं. किंवा वापरणारा खिडकी बंद करतो आणि तुमचा लूप नसलेल्या लेबलवर लिहायला जातो. गोठलेली खिडकी निदान डोळ्यांना दिसते; हा बिघाड कधीतरीच उगवतो, म्हणून शोधायला दसपट अवघड जातो.

याच्याच शेजारचा एक फसवा प्रकार. फंक्शनच्या सुरुवातीला बटन डिसेबल केलं, चार सेकंद काम केलं, शेवटी पुन्हा सुरू केलं. तरीही तीन क्लिकला काम तीनदा होतं. कारण मधले क्लिक रांगेत साठले होते, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत बटन पुन्हा सुरू झालेलं होतं.

तपासणी ८: कामाचे तुकडे करा

हजारो फाइली तपासायच्या असतील तर एका फेरीत पन्नास तपासा, प्रगतीचा आकडा बदला, आणि उरलेल्यांसाठी आफ्टर(१०, पुढचा_तुकडा) लिहा. दोन तुकड्यांमध्ये लूपला श्वास मिळतो, "रद्द करा" हे बटनही चालतं. एका तुकड्याला किती वेळ चालेल? सुमारे ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो तात्काळ वाटतो, त्यामुळे मी ५० मिलिसेकंदांच्या आत राहायला सांगते. थ्रेडची भीती वाटत असेल तर आधी हेच करून बघा. बहुतेक सरावाच्या प्रोग्रॅमना एवढं पुरतं आणि यात नवे बिघाड शिरत नाहीत.

तपासणी ९: थ्रेड

नेटची विनंती, डेटाबेसला विचारलेली मोठी क्वेरी, अशा कामांचे तुकडे पडत नाहीत. तिथे दुसरा कामगार लागतो: थ्रेड(टार्गेट=काम, डीमन=ट्रू), मग स्टार्ट.

नियम एकच, आणि तो मोडायचा नाही: थ्रेडने खिडकीला हात लावायचा नाही. लेबल बदलायचं नाही, प्रोग्रेसबार सरकवायचा नाही. जॉन ऑस्टरहाउट यांनी टीके बनवलं ते टीसीएल या भाषेसाठी, आणि टीकिंटरच्या पोटात आजही टीसीएलचा इंटरप्रिटर चालतो. तो ज्या थ्रेडमध्ये जन्मला त्याच थ्रेडशी बांधलेला असतो. दुसऱ्या थ्रेडमधून हात लावला तर कधी चालतं, कधी एरर येते, कधी प्रोग्रॅम अडकतो. "कधी चालतं" हाच त्यातला खरा धोका.

मग उत्तर परत कसं आणायचं? मध्ये एक क्यू, म्हणजे उत्तरं ठेवायची रांग, ठेवा. थ्रेड त्यात पुटने उत्तर टाकतो. मुख्य बाजूला आफ्टर(१००, बघ) दर १०० मिलिसेकंदांनी गेट नोवेटने त्यात डोकावतो. रिकामी असेल तर पुन्हा आफ्टर, काही असेल तर लेबल बदल.

थ्रेड वापरूनही खिडकी गोठत असेल तर या तीन जागा बघा. टार्गेट=काम() असा कंस पडला आहे का? मग काम मुख्य थ्रेडमध्येच झालं. स्टार्टनंतर लगेच जॉइन आहे का? मग मुख्य थ्रेड वाट बघत उभा आहे. गेट नोवेटऐवजी नुसतं गेट आहे का? तेही थांबूनच राहतं.

काम नुसत्या आकडेमोडीचं असेल तर नेहमीच्या पायथनमध्ये थ्रेडने ते लवकर संपत नाही, कारण एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो. तिथे मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे पायथनच्या वेगळ्या प्रोसेस चालवणं, लागतं. त्यात विंडोज आणि मॅकवर नवी प्रोसेस तुमची फाइल पुन्हा आयात करते. खिडकी बनवणारा कोड "नेम बरोबर मेन" या अटीच्या आत नसेल तर बटन दाबल्यावर दुसरी तशीच खिडकी उघडते. ती दिसली की घाबरू नका, अट घाला.

हळूहळू मंद होणं

हे वेगळं दुखणं आहे. कॅनव्हासवर दर टिकला नवा चेंडू काढला आणि जुन्यावर पांढरा रंग फासला, तर जुने सगळे चेंडू कॅनव्हासच्या यादीत तसेच राहतात. सेकंदाला तीस धरले तर दहा मिनिटांत १८,००० वस्तू होतात. एकदाच काढा, आयडी जपा, पुढे मूव्ह किंवा कोऑर्ड्सने हलवा.

इथे थांबा

काही ठिकाणी स्वतः खटपट करण्यात अर्थ नसतो, आणि काही ठिकाणी ती धोक्याची असते.

तुमच्या प्रोग्रॅमसोबत अख्खा कॉम्प्युटर गोठत असेल, माउसही हलत नसेल, आणि हे इतर प्रोग्रॅममध्येही होत असेल, तर हा कोडचा प्रश्न नाही. आधी कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा आणि हार्डवेअरच्या जाणकाराला दाखवा.

फॉल्टहँडलरची वरची ओळ दर वेळी एखाद्या बाहेरच्या लायब्ररीतली, यंत्राच्या ड्रायव्हरची किंवा डेटाबेसची असेल, तर ती दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही. ते सांभाळणाऱ्याकडे जा. एरर न देताच प्रोग्रॅम बंद पडत असेल, "सेगमेंटेशन फॉल्ट" दिसत असेल आणि थ्रेडमधून खिडकीला हात लावणारी ओळ सापडत नसेल, तर अनुभवी माणसाला बसवा. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसले असतील तरीही हेच. अशा वेळी इथेतिथे स्लीप घालून बिघाड झाकला जातो, सुटत नाही.

आणि प्रोग्रॅम खरं यंत्र चालवत असेल, मोटर, हीटर, पंप, किंवा इतरांच्या पैशांच्या नोंदी ठेवत असेल, तर गोठणाऱ्या खिडकीसह तो एक दिवसही वापरू नका. खिडकी गोठली की तिच्यातलं "थांबवा" बटनही गोठतं. यंत्र थांबवण्याची सोय खिडकीबाहेर, वेगळ्या वीजजोडणीच्या स्विचवर असायला हवी, आणि ते काम त्यातल्या तंत्रज्ञाचंच आहे.

कोणाकडेही मदत मागताना पूर्ण प्रोजेक्ट पाठवू नका. बिघाड दाखवणारी तीस-चाळीस ओळींची छोटी फाइल बनवा. सोबत पायथन आणि टीकेची आवृत्ती, वरच्या यादीतलं लक्षण, आणि गोठलेल्या क्षणाचा ट्रेसबॅक मजकूर म्हणून द्या, स्क्रीनचा फोटो काढून नको. ही छोटी फाइल बनवताना एकेक भाग काढून टाकत जा आणि दर वेळी चालवून बघा. ज्या भागासोबत गोठणंही गेलं, तो भाग परत घाला आणि त्याच्यापासूनच वाचायला सुरुवात करा.